ऑशवित्झला जाणार असाल तर तो दिवस मोकळा ठेवा

पोलंडमध्ये क्राकोव्हच्या जुन्या चौकात दिवसभराच्या सहली विकणारे बरेच जण उभे असतात. त्यांच्या पत्रकांवर एक जोडी हमखास दिसते: ऑशवित्झ, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली नाझी जर्मनीची मृत्युछावणी, जिथे आता स्मारक आणि संग्रहालय आहे, आणि व्येलिच्काची मिठाची खाण, दोन्ही एकाच दिवसात. आमच्याकडे मोजून पाच दिवस होते, त्यामुळे आम्हीही तीच घेणार होतो. शेवटच्या क्षणी ह्यांनी नको म्हटलं. बरं झालं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं खोलीवर आलो आणि दिवा न लावताच कितीतरी वेळ बसून होतो.

जायच्या तयारीबद्दल आधी सांगते. सहल घेतली तर गाडी, तिकीट, गाइड सगळं एकत्र मिळतं. पण निघायची वेळ आदल्या रात्री बदलू शकते. आमची साडेदहाची गाडी पहाटे साडेसहाची झाली आणि तो निरोप रात्री उशिरा ईमेलवर आला. म्हणून झोपण्याआधी ईमेल जरूर बघा. स्वतः जायचं असेल तर क्राकोव्हच्या मुख्य रेल्वे स्टेशनाला लागून असलेल्या स्थानकावरून ओश्विएंचिमची बस मिळते, दीड तास लागतो. ओश्विएंचिम हे त्या गावाचं पोलिश नाव, ऑशवित्झ हे जर्मनांनी केलेलं. स्मारकात प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाइडचे पडतात. पण प्रवेशपत्र संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावं लागतं आणि ती लवकर संपतात. त्यावर नाव पासपोर्टावर आहे तसंच घाला. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि घाईत ते गाळलं जातं. दारात ओळखपत्राशी नाव ताडून बघतात. मोठी बॅग आत नेता येत नाही, साधारण ए-4 कागदाएवढी पर्स पुरते.

आणखी एक, आपल्यासाठी मुद्दाम. गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट असेल, पर्सवर किंवा मोबाइलच्या कव्हरवर स्वस्तिक असेल तर ते त्या दिवशी खोलीवर ठेवा. नाझींचं चिन्ह जवळपास तसंच होतं. आपल्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आजी तिथे मारली गेली असेल, तर त्याला ते कसं कळावं?

ऑशवित्झ म्हणजे एकच छावणी नाही. पहिली विटांच्या इमारतींची, 1940 मध्ये पोलिश राजकीय कैद्यांसाठी सुरू झालेली. दुसरी बिर्केनाऊ, तीन किलोमीटरवर, अफाट पसरलेली. दोन्हींच्या मध्ये संग्रहालयाची फुकट बस आहे. दोन्ही मिळून गाइडबरोबरची फेरी साडेतीन तासांची असते. गाइड हळू आवाजात बोलते, आपल्या कानाला हेडफोन असतो. आमची गाइड त्याच भागातली, पन्नाशीची. तिने एकदाही आवाज चढवला नाही, एकही विशेषण वापरलं नाही. तारीख, गाडी कुठून आली, किती माणसं होती, त्यातली किती त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये गेली, एवढंच ती सांगत होती.

आकडे मी वाचून गेले होते. सुमारे 13 लाख लोक इथे आणले गेले, 11 लाख मारले गेले, त्यातले दहा लाखांच्या आसपास ज्यू. बाकी पोलिश, रोमा (म्हणजे जिप्सी), सोव्हिएत युद्धकैदी. खरं सांगते, 11 लाख हा आकडा डोक्यात शिरत नाही. पहिल्या छावणीतल्या ब्लॉक 5 या इमारतीत त्यांची भांडी बघितली तेव्हा तो शिरला. एनॅमलची पातेली, किटल्या, झाकणं, गाळण्या, छतापर्यंत ढीग. मरायला निघालेला माणूस पातेलं घेत नाही. या लोकांना सांगितलं होतं की तुमचं दुसरीकडे पुनर्वसन होणार आहे, म्हणून त्यांनी संसार बांधून आणला. पुढच्या काचेमागे सुटकेसी, त्यांवर ठळक पांढऱ्या अक्षरांत नावं, कुठे जन्मसाल, कुठे गाव. आपण भांड्यांवर नावं घालून घेतो ना, हरवलं तर परत मिळावं म्हणून, तशीच.

त्याच इमारतीत प्रार्थनेच्या शाली टांगलेल्या आहेत. माझं लहानपण अलिबागचं, इस्रायल आळीजवळचं. आमच्या शेजारचे बेने इस्रायली काका सणाला सिनेगॉगमध्ये निघाले की त्यांच्या हातात अशीच पांढरी, पट्ट्यांची, गोंड्यांची शाल असायची. काकू आमच्याकडे मलिद्याचं ताट पाठवायच्या. ज्यू म्हटल्यावर मला ती दोघं आठवतात, अस्सल कुलाबी मराठीत भांडणारी. त्या काचेसमोर मी थांबले आणि गट पुढे गेला. हेडफोनमधला आवाज तुटायला लागला म्हणून ह्यांनी हाताला धरून नेलं.

मारलेल्यांचे कापलेले केस ठेवलेली खोली ब्लॉक 4 मध्ये आहे. तिथे फोटो काढायला बंदी आहे, ब्लॉक 11 च्या तळघरातही. बाकी ठिकाणी फ्लॅश न लावता चालतो. फाटकावरच्या जर्मन अक्षरांखाली हसरे सेल्फी घेणारे दिसले. तेवढं कृपा करून टाळा. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालयच सुचवतं. मी तर म्हणेन, मोठी मुलं असली तरी आधी घरी बसून त्यांच्याशी बोला. आपल्याकडे कडक मास्तरांना सर्रास 'हिटलर' म्हणतात, मीही म्हटलंय. आता म्हणवणार नाही.

बिर्केनाऊला चालणं खूप आहे आणि आडोसा नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, वारा हाडात शिरत होता, वाटा चिखलाच्या. बूट बंद आणि मळखाऊ घाला, स्वच्छतागृहाचं प्रवेशद्वाराशीच आटपून घ्या. छावणीत खायचं नाही, म्हणून पोळीचे रोल गाडीतच संपवले. रेल्वेचे रूळ थेट आत येतात. ते 1944 च्या मे महिन्यात, हंगेरीतून ज्यूंच्या गाड्या सुरू व्हायच्या सुमाराला वापरात आले. रुळांच्या टोकाला गॅस चेंबर आणि दाहभट्ट्यांचे पडके अवशेष आहेत. जानेवारी 1945 मध्ये पळून जाण्याआधी नाझींनी पुरावा राहू नये म्हणून त्या सुरुंगाने उडवल्या. 27 जानेवारीला सोव्हिएत फौज पोचली तेव्हा साधारण सात हजार माणसं जिवंत होती.

सहलीची अडचण इथेच आहे. बिर्केनाऊला आम्हाला जेमतेम सव्वा तास मिळाला. मागच्या टोकाला 'सौना' नावाची इमारत आहे, ज्यांना कामासाठी जिवंत ठेवलं त्यांचे केस कापून, कपडे काढून घेऊन नोंद करायची जागा. तिकडे आमचा गट गेलाच नाही. एक दिवस सोडून आम्ही दोघं साध्या बसने परत गेलो, गाइडशिवायचं दुपारनंतरचं प्रवेशपत्र काढून. तुम्हाला जमत असेल तर दुसरी फेरी अशीच ठेवा. नसेल जमत, तर लांबची, सहा तासांची फेरी निवडा.

सौनाच्या शेवटच्या दालनात लोकांनी बरोबर आणलेले घरचे फोटो लावलेत. दोन हजारांहून जास्त फोटो युद्धानंतर छावणीत सापडले, बरेचसे बेंजिन आणि सोस्नोव्हिएत्स गावांच्या ज्यू घरांमधले. लग्नं, बाळं, सुट्टीतल्या सहली. आम्ही दोघंच होतो, घाई करणारं कोणी नव्हतं. मी वरच्या ओळीपासून एकेक चेहरा बघत खालपर्यंत आले. फाटकापासून तिथे पोचायला आमच्या चालीने पंचवीस मिनिटं लागतात आणि परतीलाही तेवढीच, तेव्हा बंद व्हायच्या वेळेच्या निदान दोन तास आधी आत शिरा.