बिल्ड फुटलं की फोडलं?

आमच्या सॉफ्टवेअर टीमची रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची बैठक, एक आड एक शुक्रवारी, चार वाजता. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरलेला टप्पा) संपला की तासभर बसायचं आणि काय जमलं, काय फसलं ते बोलायचं. ऐरोलीतल्या आमच्या मीटिंग रूमच्या खिडकीतून ठाण्याची खाडी दिसते, थंडीत नशीब असेल तर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघही. त्यामुळे खिडकीकडची खुर्ची आधी भरते. बरीच वर्षं ही रेट्रो म्हणजे आमचा सत्यनारायण होता. ठरलेले अध्याय वाचायचे, माना डोलवायच्या आणि समोसे आले की उठायचं. "कम्युनिकेशन सुधारायला हवं" ही पिवळी चिठ्ठी तर आम्ही दर वेळी तीच वापरत असू.

2001 साली अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला 17 जणांनी अजाईलचा, म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या 12 तत्त्वांतलं शेवटचं हेच सांगतं, की टीमने ठरावीक काळाने थांबून आपण आणखी चांगलं काम कसं करू याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे आपली रीत बदलावी. मला पाठ होतं. परीक्षेला आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी रात्री रिलीज गेलं, म्हणजे सॉफ्टवेअरचं नवं बिल्ड (तयार आवृत्ती) वापरात गेलं, आणि बिलांच्या पानावर टेस्टचा डेटा झळकायला लागला. कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या, डेटाबेसचा पत्ता राहिला होता. पाऊण तासात रोलबॅक करून जुनी आवृत्ती परत आणली, पण तोवर वरून तीन फोन येऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी रेट्रोत मी जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली यादी स्क्रीनवर लावली, प्रत्येक बगसमोर नाव. आणि विचारलं, "बिल्ड कोणी फोडलं?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. शेवटी जळगावचा आमचा पोरगा, लागून वर्षही झालं नव्हतं, म्हणाला, "मी, मॅडम. सॉरी." मी म्हटलं, "ठीक आहे, पुढच्या वेळी काळजी घे." आणि मनात काय, तर आज रेट्रो चाळीस मिनिटांतच आटोपली!

पुढच्या दोन रेट्रोंत तो काही बोलला नाही. बाकीचे बोलले, पण नुसतं "ऑल गुड". मी टेस्टिंगमधून आलेली बाई. सगळं गुड असलं की मला संशय येतो.

एका संध्याकाळी तो ऐरोली स्टेशनवर भेटला. त्याला दिव्याला जायचं होतं, मला नौपाड्यात. लेडीज डबा सोडून मी त्याच्याबरोबर जनरलमध्ये चढले, दाराजवळ छत्र्या ठिबकत होत्या. दिघा गाव गेलं तरी तो हवापाण्याचंच बोलत होता. मग मीच म्हटलं, "त्या रिलीजचं नेमकं काय झालं होतं रे?"

"मॅडम, मी विकीवरची चेकलिस्ट बघूनच केलं. त्यात कॉन्फिग बदलायची पायरीच नव्हती."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

तो बाहेर बघत म्हणाला, "तुम्ही 'कोणी' विचारलं ना."

घरी जाऊन विकी, म्हणजे टीमच्या नोंदींची वेबसाइट, उघडलं. चेकलिस्ट चौदा महिने कुणी हात न लावलेली. शेवटचा बदल कुणाच्या नावावर, ते सांगायला नको. माझ्याच.

त्या रात्री मला आमच्या घरातलं जुनं भांडण आठवलं. लेक म्हणायची, "आई, कप फुटला." मी म्हणायची, "फुटला? आपोआप? फोडलास म्हण!" पोरांना एवढीच पळवाट असते, तीही आपण बंद करतो. पण रिलीजच्या बाबतीत "फुटलं" हेच जास्त खरं होतं. "फोडलं" म्हटलं की एक माणूस सापडतो आणि शोध तिथेच संपतो. "फुटलं" म्हटलं की मग कसं, कुठून, कधीपासून, हे विचारावं लागतं. नॉर्म कर्थ नावाच्या गृहस्थांनी रेट्रोसाठी एक पहिला नियम घालून दिलाय: तेव्हा जे माहीत होतं, हाताशी जे होतं आणि परिस्थिती जशी होती, त्यात प्रत्येकाने जमेल तितकं चांगलं काम केलं, असं धरून चाला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार गुळगुळीत वाटलं होतं. चौदा महिन्यांची चेकलिस्ट बघितल्यावर तसं वाटेना.

पुढच्या रेट्रोत मी आधी चेकलिस्टचं सांगितलं, माझ्या नावासकट. जळगावकर वर बघेना, पण कान टवकारलेले दिसत होते. जिराच्या यादीतून नावांचा रकाना काढला. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं, आणि मी सगळ्यात शेवटी बोलायचं. ठरवायची गोष्ट एकच, तीही पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर सगळ्यात वर, कुणाच्या तरी अंगावर टाकून. आधी आम्ही सात-सात ठरवायचो आणि एकही व्हायची नाही. आणखी एक लाजिरवाणी गोष्ट चिठ्ठीतूनच कळली. वाद तापला की आम्ही ठाणे-डोंबिवलीकर मराठीत घुसतो आणि कोइम्बतूरची आमची टेस्टर नुसती हसत बसते. तिने लिहिलं होतं, "भांडा, पण मला कळेल असं भांडा."

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. वरचे लोक अजूनही पहिलं नावच विचारतात, आणि मला दर वेळी तितक्या ठामपणे "टीम" म्हणता येत नाही.

मागच्या रेट्रोत बोर्डावर एक चिठ्ठी होती. अक्षर ओळखीचं, तिरकं. "रेट्रो तासाची ठरलेली, मॅडम दीड तास चालवतात." स्क्रम गाइड, म्हणजे स्प्रिंटने काम करायच्या या पद्धतीची नियमपुस्तिका, महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त तीन तास देतं, म्हणजे दोन आठवड्यांना दीड तास बसतोच, हा मुद्दा अगदी माझ्या ओठांवर आला होता. पण बोलायची पाळी माझी नव्हती. आणि मतं त्याच चिठ्ठीला सगळ्यात जास्त पडली.

आज पाचला पाच कमी असतानाच उठलो. समोसे गरम मिळाले.