तार कितव्या वर्षी लावायची? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, एकदा तर इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, हातात गरम गराडू (तळलेला कंद) असताना हा प्रश्न मला विचारला गेलाय : "ताई, आमच्या मुलाचे दात वेडेवाकडे येताहेत, तार कितव्या वर्षी लावायची?" इंदुरात माझं कामच दात सरळ करायचं, त्यामुळे तो माझ्यापर्यंत येणारच. उभ्या उभ्या मी एवढंच सांगते, "सात वर्षांचा झाला की एकदा दाखवा." त्यावर आई दचकते, "एवढ्या लहानपणी तारा?"

तारा नाहीत हो, नुसतं दाखवायचं. या वयात बहुतेकांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात. एक्सरे काढला तर हिरडीखाली कुठला दात आडवा आहे, कुठला मुळातच नाही, कुठला जादा आहे, हे कळतं. बहुतेक मुलांना मी काहीच न करता परत पाठवते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट दिसते, बाजूचे दात बाहेर कललेले असतात, आणि घरात चिंता सुरू होते. पण वरचे सुळे अकरा-बारा वर्षांपर्यंत खाली उतरले की ती फट बहुधा आपसूक मिटते. खालच्या दातांची दुहेरी ओळ दिसली तरी घाबरू नका. दुधाचा दात पडला, किंवा पडत नसेल तर काढला, की मागचा दात जिभेच्या दाबानं पुढे सरकतो.

काही बाबतींत मात्र थांबून चालत नाही. दात मिटल्यावर वरचा दात खालच्याच्या आत जात असेल, वयाच्या चार-पाच वर्षांनंतरही अंगठा तोंडात असेल, किंवा मूल झोपेत तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर लगेच दाखवा. शेवटच्या प्रकारात माझ्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. खालचा जबडा मागे असेल तर तो पुढे आणणारी काढता-घालता येणारी उपकरणं वाढीच्या वयातच उपयोगी पडतात. मुलींमध्ये हे वय साधारण अकरा ते तेरा, मुलांमध्ये वर्ष-दोन वर्षं उशिरा.

आता ज्यावर मी नेहमी वाद घालते, ती गोष्ट. "दुधाची दाढ किडलीये, पण पडणारच आहे ना? मग खर्च कशाला?" मला दाखवलेल्या वाकड्या दातांपैकी टाळता आले असते असे पुष्कळ या एका वाक्यातून निघालेत. दुधाची दुसरी दाढ साधारण दहा ते बाराव्या वर्षी पडते. तिच्या मागे सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, तीही एकही दात न पडता, गुपचूप. म्हणून पुष्कळ आईवडील तिलाही दुधाची समजतात आणि तिचीही कीड चालवून घेतात. पुढची दुधाची दाढ सातव्या वर्षीच काढली की मागची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते. मग खाली वाट पाहणाऱ्या उपदाढेला (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधला कायमचा दात) यायला जागाच उरत नाही. ती अडकते, नाहीतर आडवी फुटते, आणि चौदाव्या वर्षी मी तारा लावते. दाढ भरा, लागलं तर तिच्यावर टोपी बसवा. काढणं भागच असेल तर जागा राखून ठेवणारं छोटं तारेचं वळं लावून घ्या. आणि कृपा करून सकाळच्या पोहे-जिलबीला दोष देऊ नका. मुलाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपवणं आणि दिवसभर काही ना काही चघळायला देणं जास्त नडतं.

बाकी कारणांत वारसा मोठा. जबडा लहान, दात रुंद, मग दाटी. तिथे कुणाला बोल लावायचा?

मोठी माणसं विचारतात तेव्हा आवाज जरा खाली जातो, "आता चाळिशीत तारा शोभतील का?" शोभण्याचं मला सांगता येणार नाही, लावता येतात. वयाची वरची मर्यादा नाही, हिरड्या आणि हाड निरोगी हवं. दातावर हलका, सततचा दाब दिला की पुढचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं. हे महिन्याला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे दीड-दोन वर्षं धरून चाला. दोन महिन्यांवर लग्न आलेल्या मुलामुलींनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल. जबड्याची वाढ संपलेली असते, म्हणून कधी उपदाढा काढून जागा करावी लागते, तर फार मोठ्या फरकाला शस्त्रक्रिया. आणि पूर्वी सरळ असलेल्या दातांत चाळिशीनंतर फटी पडू लागल्या तर तारेआधी हिरड्या तपासा. तंबाखू-गुटखा आणि काबूत नसलेला मधुमेह हाड खातात. खालच्या दातांची दाटी मात्र वयानुसार जवळजवळ सगळ्यांचीच वाढते. अक्कलदाढेवर तिचं खापर उगाच फोडलं जातं.

पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारेऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, चांगले, पण दिवसातून बावीस तास घालावे लागतात. दर तासाला चहा घेणाऱ्याचं ते काम नाही. तोंडात न बघता घरपोच येणारे असे साचे घेऊ नका. फट मिटवायला साधा रबरबँड तर मुळीच लावू नका. तो हिरडीखाली सरकून मुळावर चढतो, आणि चांगले दात हलून पडलेले आहेत. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षं दात सरळ करण्याच्याच विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांकडे जा. पैशाची अडचण असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा.

खाण्याबद्दल विचाराल तर भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) शिजवलेला कीस चालेल, दातांनी ओढून खायचा भुट्टा नाही. कडक सेव आणि चिक्की बंद. तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण, येतो, आणि तिथेच लोक कंटाळतात. सुरुवातीचे महिने तो जवळजवळ पूर्ण वेळ, मग रात्री, आणि रात्रीचं हे बरीच वर्षं, शक्यतो कायम. गरम पाण्यानं धुऊ नका, वाकतो. आणि जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. ताट उचलणाऱ्याला तो कचराच दिसतो.