शॉजच्या वळणावर

इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये मॅलरी पार्क नावाचा जुना रेस ट्रॅक आहे. लांबी जेमतेम १.३५ मैल. त्यात जेरार्ड्स नावाचं उजवीकडे वळतच राहणारं लांबलचक, वेगवान वळण, आणि पुढे चढावर शॉज हेअरपिन, जिथं गाडी जवळपास चालण्याच्या वेगावर आणून पूर्ण वळवावी लागते. एप्रिलमधल्या ट्रॅक डेला, म्हणजे लोक आपापल्या गाड्या हौसेने ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, त्या शॉजमध्ये आमच्या गिऱ्हाइकाच्या हातातलं स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं आणि गाडी सरळ गवतात गेली. स्टिअरिंगचं काम मी केलं होतं.

गाडी १९९७ची बीएमडब्ल्यू एम३, ई३६ पिढीची. मालक साठी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. डाव्या मनगटात जुन्या अपघाताची प्लेट. गाडीची तक्रार या मॉडेलवर ट्रॅकला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली: वीस मिनिटं पळवली की पॉवर स्टिअरिंगचं तेल उकळून टाकीच्या झाकणातून बाहेर यायचं. खाली तापलेला एक्झॉस्ट. एकदा बॉनेटखालून धूर आला आणि मार्शलनी लाल झेंडा दाखवला, तेव्हा ते आमच्याकडे आले.

तेल का उकळतं? बेल्टवरचा पंप इंजिनच्या तालावर फिरतो. तुम्ही सरळ रस्त्यावर ७००० आरपीएमला असता तेव्हा स्टिअरिंगला मदत जवळजवळ नको असते, पण पंप तेव्हाच सगळ्यात जोरात घुसळत असतो. स्टिअरिंगची फिरकी चाकांपर्यंत नेणाऱ्या रॅकमधला व्हॉल्व्ह मधोमध असताना तेल नुसतं गोल फिरतं आणि तापतं. उलट हेअरपिनला, जिथं मदत हवी, तिथं इंजिन मंद आणि पंपही मंद. गरज आणि पुरवठा यांची अशी उलटी बांधणी शंभर किलोमीटरच्या प्रवासात जाणवत नाही, ट्रॅकवर जाणवते.

आमच्या मुख्य मेकॅनिकचं म्हणणं होतं, पंप काढून टाक, रॅकच्या दोन नळ्या एकमेकींना जोड, झालं. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. पॉवर रॅकचं गुणोत्तर मुळात मदत गृहीत धरून ठेवलेलं असतं. नुसत्या नळ्या जोडल्या तर आतला पिस्टन प्रत्येक वळणाला तेल इकडून तिकडे ढकलत बसतो. व्हॉल्व्हमधली टॉर्शन बार, म्हणजे लवचीक सळई, पिळत राहते, ती ढिलाई हाताला लागते. नीट करायचं तर रॅक उघडून पिस्टनचं सील काढायचं आणि टॉर्शन बार वेल्ड करायची. एवढं करूनही रुंद टायर आणि जास्त कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव) असलेली ती गाडी प्लेट घातलेल्या मनगटाला झेपणारी नव्हती. मी म्हटलं, इलेक्ट्रिक पंप बसवू.

टोयोटाने दुसऱ्या पिढीच्या एमआर२ला असाच पंप दिला होता, कारण तिथं इंजिन मागे आणि रॅक पुढे. पण इथं भंगारात सहज मिळतो तो ओपल-व्हॉक्सॉलच्या जुन्या ॲस्ट्रा आणि झाफिराचा. मोटर, पंप, टाकी आणि कंट्रोलर एकाच डब्यात. मूळ गाडीतून येणारे संकेत तुटले तरी तो रुसत नाही, ठरलेल्या एका गतीने मदत देत राहतो. म्हणून दोन जाड तारा आणि एक जागं करणारी बारीक तार, एवढ्यावर तो कुठल्याही गाडीत चालतो.

ब्रॅकेटवर मी दीड दिवस घालवला. वॉशरची टाकी काढल्यावर जी जागा मोकळी झाली तिथं पंप उभाच बसायला हवा होता, कारण टाकी त्याच्या डोक्यावरच असते. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट. पंपाचे मूळचे रबरी बुश तसेच ठेवले. ते न ठेवता बोल्ट कसला की पंपाचा आवाज अख्ख्या बॉडीतून घुमतो. एका बाजूला पंपाचे आटे, दुसऱ्या बाजूला रॅकचे, दोन्ही मेट्रिक पण वेगळ्या मापाचे. मधला ॲडॉप्टर विकत मिळतो. मी लेथवर स्वतः केला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार वर्षं लेथवर उभं राहून जे शिकलो ते इथं वापरायची संधी क्वचित मिळते. दाबाच्या बाजूला टेफ्लॉनचं अस्तर असलेली स्टीलच्या जाळीची होज घातली. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवत हवा काढली. तेलात एक बुडबुडा दिसेना तेव्हाच पंप चालू केला.

तारेबद्दल मी विशेष दक्ष होतो. टोकाला स्टिअरिंग ओढून धरलं की पंप ७० अँपिअरच्या आसपास खातो. ४ मीटर अंतर ६ चौरस मिलिमीटरच्या तारेने गाठलं तर वाटेतच ०.८ व्होल्ट जातात. १६ची घातली तर ०.३. मी १६ची घातली, ८०चा फ्यूज लावला, आणि पंप जागं करणारी तार अल्टरनेटरच्या चार्जिंग सिग्नलवरून घेतली, म्हणजे स्टार्टर फिरताना पंप मध्ये येणार नाही. वर्कशॉपमध्ये एका बोटाने स्टिअरिंग फिरत होतं. मालकांनी ते फिरवून पाहिलं आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मॅलरीला पहिल्या चार फेऱ्या उत्तम. पाचव्या फेरीत शॉज.

गाडीला ओरखडा नाही. ते स्वतः उतरले, पण डावं मनगट उजव्या हातात धरून. मला म्हणाले, “माझंच काही चुकलं असेल.” ते वाक्य मला अजून सोडत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं तर पंप मुकाट्याने सुरू. पॅडॉकमध्येच, ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या जागेत, मीटर काढला. यावेळी वर्कशॉपच्या गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर नव्हे, कोरड्या डांबरावर, गरम इंजिनवर, दोन्ही इलेक्ट्रिक फॅन चालू ठेवून मालकांना स्टिअरिंग टोकाला धरायला सांगितलं. अल्टरनेटरच्या टर्मिनलपासून त्याच्याच अंगापर्यंत १३.६ व्होल्ट. पंपाच्या टोकांवर १०.७. माझ्या तारेत गेले ०.३, ठरल्याप्रमाणे. मग उरलेले २.६ कुठं गेले?

वेल्डिंग सेटवर काम केलेल्या माणसाचा हात आपोआप अर्थिंगकडे जातो. इंजिनपासून बॉडीपर्यंतची विणलेली पट्टी चाचपली आणि बोट भाजलं. मूळची, १९९७ची. वरून ठीक दिसत होती. काढली तर टोकाच्या क्रिंपमध्ये, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडात, हिरवी पूड आणि निम्मे पदर तुटलेले. एवढी वर्षं तिचं भागलं, कारण अल्टरनेटरकडून एवढा करंट कुणी मागितलाच नव्हता. इंजिनवर फिरणारा मूळचा व्हिस्कस फॅन जाऊन इलेक्ट्रिक फॅन आले, वजन वाचवायला मागची मोठी बॅटरी जाऊन छोटी आली, आणि सगळ्यात वर मी ७० अँपिअर टाकले. शॉजला इंजिन मंद, फॅन चालू, स्टिअरिंग टोकाला. व्होल्टेज पडलं आणि कंट्रोलरने स्वतःला वाचवायला मोटर सोडून दिली.

मुख्य मेकॅनिक म्हणाला, “पट्टी जुनी होती, तुझा दोष नाही.” मला ते मान्य नाही. मी घातलेली प्रत्येक गोष्ट मी मोजली होती, पण माझ्या करंटला अल्टरनेटरकडे परतायची वाट ज्या पट्टीतून होती, तिला मी हातही लावला नव्हता. कन्व्हर्जन विकणारे आणि करणारे सगळे पॉझिटिव्ह तारेची जाडी सांगतात. परतीच्या वाटेबद्दल कुणी बोलत नाही. मीही बोललो नव्हतो, आणि मला ते कळायला हवं होतं.

२५ चौरस मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घातल्या, बॉडीवरचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. पंपावर १३.२. डॅशबोर्डवर एक व्होल्टमीटर आणि १२च्या खाली गेल्यावर पेटणारा लाल दिवा बसवला. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

जूनमध्ये ते पुन्हा मॅलरीला गेले, मी बाजूच्या सीटवर. पंधरा फेऱ्या, दिवा एकदाही पेटला नाही, तेल टाकीत जिथं होतं तिथंच. पण प्रत्येक फेरीत शॉजच्या आधी, ब्रेक दाबता दाबता, ते डावा हात स्टिअरिंगवरून क्षणभर उचलायचे आणि पुन्हा घट्ट धरायचे. स्टिअरिंग हलकंच होतं. मी काही बोललो नाही.