स्वर्व्ह मॉड्यूल, नोंद ४: वळवलं की चाक का फिरतं?

मंडळी, शनिवारी रात्री पहिलं मॉड्यूल एकदाचं वळलं! गेल्या वर्षी रोबोकॉन या रोबो स्पर्धेच्या सरावात मेकॅनमची (काठावर तिरके रोलर असलेली) चाकं आडवं जाताना घसरायची, तेव्हापासून स्वर्व्हने, म्हणजे रोबोचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवण्याच्या रचनेने, मनात घर केलं होतं. प्रत्येक चाकाला दोन मोटरी, एक पळवायला, एक वळवायला.

दोन्ही मोटरी वर चासीवर आहेत, त्यामुळे वायरींना पीळ पडत नाही. पळवणारा शाफ्ट ६८१४ क्रमांकाच्या बेअरिंगच्या मधून खाली उतरतो आणि बेव्हल गिअरच्या (काटकोनात जुळणाऱ्या, शंकूसारख्या दातेरी चाकांच्या) जोडीने १०० मिमीचं चाक फिरवतो. भोसरीच्या टर्नर काकांनी बेअरिंगची सीट अशी काढून दिली की हलवून पाहिलं तरी जराही प्ले नाही.

मॉड्यूल वाइसमध्ये पकडलं, चाकावर खाली मार्करने रेघ मारली, पळवणारी मोटर जागेवर रोखून धरली आणि मॉड्यूल ९० अंश वळवलं. रेघ खालून पुढे आली, म्हणजे चाक पाव फेरा फिरलं! जमिनीवर हेच सुमारे ७८ मिमी झालं असतं. मधला शाफ्ट थांबलेला असला तरी चाकाचा बेव्हल त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो, आणि दातात दात अडकलेले, मग चाक फिरणारच. आमची जोडी १:१, म्हणून जितकं वळण तितकाच फेरा. आता वळवताना मधला शाफ्टही त्याच दिशेने, त्याच वेगाने फिरवतो. कोडमध्ये एका ओळीची भर पडली आणि रेघ जागची हलेना. ते बघून जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येणार नाही.

कोन मोजायला एएस५६०० हा सेन्सर घेतला आहे, तो समोर फिरणाऱ्या चुंबकावरून कोन ओळखतो: एका फेऱ्याचे ४०९६ भाग, म्हणजे ०.०८८ अंशाची एक पायरी. मध्यभाग शाफ्टने अडवलाय, म्हणून सेन्सर बाजूला १:१ बेल्टवर बसवला. दोन दिवस आकडे वेडेवाकडे येत होते. तापकीर गल्लीतून मी साधा चुंबक आणला होता, ज्याचे ध्रुव वर-खाली असतात. इथे ते व्यासावर, समोरासमोर लागतात. नवा बसवला आणि आकडे सरळ झाले. चार सेन्सरचा पत्ता (कंट्रोलर ज्या क्रमांकाने सेन्सरला हाक मारतो तो) एकच, बदलताही येत नाही, तेव्हा मल्टिप्लेक्सरची, म्हणजे एका वेळी एकच सेन्सर जोडणाऱ्या चिपची, सोय आधीच करून ठेवा.

शिवाय १३० अंश वळायचं असेल तर उलट ५० अंश वळून चाकच उलटं फिरवतो. ९० च्या वर कधी जावंच लागत नाही.

उरलेल्या तीन मॉड्यूलच्या प्लेटा सोमवारी लेझर कटिंगला जातील. बेव्हलना कोणतं ग्रीस लावता, तेवढं सांगा.