बॉयलर नवा, पण मागची खोली गारच

ऑक्टोबरमध्ये आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरात नवा बॉयलर बसवला. जुना स्वयंपाकघरात होता, ओट्याची निम्मी जागा त्यानंच खाल्लेली, म्हणून नवा कॉम्बी, म्हणजे घरही तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा बॉयलर घेतला तो गॅरेजमध्ये लावून घेतला, 30 किलोवॅटचा. माणूस दोन दिवसांत काम आटपून गेला, बॉयलरखालचे पाइप बघाल तर अगदी ओळीत, नीटनेटके. मग नोव्हेंबरात थंडी पडली आणि मागच्या बेडरूममध्ये पारा 16 च्या वर सरकेना. पुढच्या हॉलमध्ये 21 आणि मागे 16, आणि मागे झोपतीये कोण तर साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई.

खरं सांगते, पहिल्यांदा तिनंच पकडलं. खोलीतल्या रेडिएटरवर, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी ज्यातून फिरून खोली तापते त्या पत्र्यावर, हात फिरवत म्हणाली, "अगं, हा इकडून पोळतोय आणि तिकडून गारढोण, असा कसा गं?" मी हात लावला तर खरंच, पाणी आत येतं तिथे चटका बसतोय आणि दुसऱ्या टोकाला पाइप नुसता कोमट.

बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला सिस्टिममध्ये गाळ असणार, आणि येऊन फ्लश, म्हणजे पाण्याच्या जोरानं पाइप आतून धुऊन, करून गेला. पाणी काळं निघालं खरं, पण खोली होती तशीच. परत आला आणि पंपाचा स्पीड फुल करून गेला, तर हॉलमधले वॉल्व शिट्टी वाजवायला लागले आणि बॉयलर दर चार-पाच मिनिटांनी बंद-चालू, बंद-चालू. का, तर जवळच्या रेडिएटरांतून पाणी फिरून गरमच्या गरम परत येतंय, बॉयलरला वाटतं घर तापलं. मागे मात्र काहीच पोचत नाही.

मग मी पाइपला चिकटवायचे दोन छोटे थर्मामीटर आणले आणि दोन दिवस लिहीतच बसले. हॉलच्या रेडिएटरमध्ये पाणी आत जाताना 63, बाहेर येताना 46. आईच्या खोलीत आत 62 आणि बाहेर 34. म्हणजे पाणी गरमच येत होतं, पण इतकं थोडं आणि इतकं हळू की रेडिएटर ओलांडेपर्यंत त्यातली सगळी ऊब संपायची. ही खूण ज्यांच्या घरी असेल त्यांनी बॉयलरकडे नंतर बघा, आधी पाइपकडे बघा. गाळ असला तर बहुतेक वेळा रेडिएटर खाली मधोमध गार लागतो, आमचा तसा नव्हताच.

दुसरा हीटिंग इंजिनियर बोलावला, त्यानं हे आकडे वाचले आणि काही न बोलता कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या लाकडी जमिनीची फळी काढली. खाली पांढरा प्लॅस्टिकचा पाइप, 10 मिलीचा, म्हणजे मिलीमीटरचा! झालं असं होतं की आधी बॉयलर स्वयंपाकघरात असताना मागच्या तीन रेडिएटरना 15 मिलीचा तांब्याचा पाइप जात होता, बॉयलर गॅरेजमध्ये हलवला तेव्हा तो तोडला आणि नवीन लाइन टाकताना फळ्या उचलायला नकोत म्हणून हा लवचिक पाइप आतून ओढून घेतला, बारा मीटर जायला आणि बारा यायला, आणि त्याच्यावर तीनही रेडिएटर.

10 मिली हे बाहेरचं माप. प्लॅस्टिकची भिंत जाड, आत जेमतेम 7 मिली उरतात आणि जोडाच्या जागी आत जी नळी घालतात तिथे त्याहून कमी. 15 च्या तांब्याच्या पाइपला आत 13.6 मिली असतात. दुप्पटसुद्धा नाही, तर एवढा काय फरक पडणार असं मलाही वाटलेलं, पण तेवढंच पाणी ढकलायचं तर बारीक पाइपात लागणारं प्रेशर वीस-पंचवीसपट होतं! त्या तीन रेडिएटरना मिळून साधारण साडेतीन किलोवॅट लागतात, म्हणजे पाणी 20 डिग्रीनं गार होऊन परत येतंय असं धरलं तर मिनिटाला अडीच लिटर. तेवढं त्या नळीतून न्यायचं हे बॉयलरच्या आतल्या पंपाच्या आवाक्याबाहेरचं आहे. साताऱ्याला आमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी होती आणि खाली न्हाणीत अर्ध्या इंची, आतून गंज धरलेला पाइप, बादली भरायला दहा मिनिटं, तेव्हा बाबांनी टाकी मोठी घेतली नव्हती, पाइप बदलला होता.

आणि 30 किलोवॅटचं म्हणाल तर ते आंघोळीच्या पाण्यासाठी, मिनिटाला बाराएक लिटर पाणी 35 डिग्रीनं तापवायला तेवढे लागतातच, पण आमचं अख्खं घर उबदार ठेवायला कडाक्याच्या थंडीतसुद्धा 9 च्या आसपास पुरतात. त्या इंजिनियरनं सेटिंगमध्ये हीटिंगची ताकद तेवढ्यावर आणून ठेवली, बंद-चालूचा त्रास निम्मा तिथेच गेला. पुढेमागे ज्यांना हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं यंत्र, घ्यायचाय त्यांनी तर आत्ताच फळ्या उचलून बघा, त्यात पाणी 5 डिग्रीच गार होऊन परत येतं म्हणजे तेवढ्याच उबेला चौपट पाणी फिरवावं लागतं.

मला राग आला तो याचा की कोटेशनमध्ये बॉयलरचं मॉडेल, वॉरंटी, फिल्टर सगळं लिहिलेलं, पाइपच्या मापाबद्दल एक अक्षर नाही, आणि मी विचारलंही नाही कारण विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आता विचारा. कुठून कुठे, किती मिलीचा, त्यावर किती रेडिएटर, हे लिहून घ्या.

दुरुस्तीला दीड दिवस गेला. आईच्या खोलीतलं कपाट हलवलं, आठ फळ्या उचलल्या, 15 चा तांब्याचा पाइप टाकला, मग पाणी भरून हवा काढली, गंज धरू नये म्हणून केमिकल घातलं आणि शेवटी एकेका रेडिएटरचा खालचा वॉल्व पाव-पाव फेरा फिरवून सगळीकडे पाणी सारखं वाटून दिलं. संध्याकाळी मोजलं, आत 62, बाहेर 44. सकाळी सातला खोलीत 20. आईनं त्याच दिवशी दह्याचं विरजण त्या रेडिएटरशेजारी नेऊन ठेवलं.

बाथरूमच्या छोट्या रेडिएटरकडे जाणारा शेवटचा तुकडा 10 चाच आहे, त्याच्या एकट्यापुरतं तेवढं पाणी येतं, म्हणून तिथली फरशी काही फोडली नाही.