एरर आल्या की आधी पहिली वाचा

परवा भाचीचा फोन आला, मामा नऊ ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि एरर मोजायला गेले तर त्याहून जास्त निघतायत, मी सी प्रोग्रॅमिंग सोडूनच देते. फर्स्ट इयरला आहे, कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर (कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम) वापरतात आणि घरी उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर, मी तिला जीसीसी, म्हणजे दुसरा कंपायलर, टाकून दिलंय. म्हटलं स्क्रीनशॉट पाठव.

जवळपास सगळीकडे एकच शब्द, ‘स्ट्रे’ (म्हणजे भटकं, कोडमध्ये न बसणारं चिन्ह), आणि पुढे बॅकस्लॅश ३४२, २००, २३४. कोड तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या नोट्समधून कॉपी केला होता, त्यात प्रिंटएफची (स्क्रीनवर मजकूर दाखवणारं फंक्शन) अवतरणचिन्हं सरळ नव्हती, वळलेली होती. असं एक चिन्ह म्हणजे तीन बाईट (वरचे आकडे त्यांचेच), आणि तिच्याकडचं जुनं जीसीसी प्रत्येक बाईटची वेगळी तक्रार करतं. त्यात परत अवतरण गेलं की आतला मजकूर कोड म्हणून वाचला जातो, मग त्याच्या आणखी एरर. कीबोर्डवरून चारच चिन्हं परत टाईप केली आणि सगळं साफ झालं.

म्हणून तिला सांगितलं की पहिली एरर वाचायची, ती दुरुस्त करायची आणि लगेच परत कंपाईल करायचं, खालच्या बऱ्याचशा त्या एकीचीच पिल्लं असतात.

दुसरी गोष्ट ओळ नंबरची, आणि यात नवीन पोरांचे तासच्या तास जातात. कंपायलर एरर ओळ ७ वर दाखवतो, ओळ ७ तर एकदम बरोबर असते! सीमध्ये ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं नाही, त्यामुळे ओळ ६ ला सेमिकोलन राहिला तर कंपायलर तो शोधत पुढे जातो आणि ओळ ७ चा पहिला शब्द दिसला की तिथे अडतो. नंबर अडल्या जागेचा असतो, चूक बहुतेक वेळा तिथे किंवा त्याच्या वर असते. महिरपी कंस बंद करायचा राहिला तर पार फाईलच्या शेवटी जाऊन ‘एंड ऑफ इनपुट’ म्हणतो. नवीन जीसीसी सेमिकोलनची नेमकी जागा बाण करून दाखवतं, टर्बो सीत ते नाही.

टर्बो सीचा कोनिओ डॉट एच हा हेडर (कोडच्या सुरुवातीला जोडायची फाईल) उबुंटूवर मिळत नाही तेव्हा मात्र एकच ‘फेटल एरर’ येते आणि काम तिथेच थांबतं, तो हेडर सीच्या स्टँडर्डमधला नाहीच, काढून टाकायचा.

काल तिचाच मेसेज, ‘अनडिफाईन्ड रेफरन्स’ आलंय, वर्गमूळाच्या फंक्शनचं नाव आहे पण ओळ नंबरच नाही, म्हणजे हे कंपायलरचं नाही ना मामा? मला इतका आनंद झाला. बरोबर ओळखलं पोरीनं, ते लिंकरचं, म्हणजे कंपाईल झालेला कोड लायब्ररीशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचं. कमांडमध्ये फाईलच्या नावानंतर मायनस एलएम (म्हणजे गणिताची लायब्ररी जोड) लाव म्हटलं, दोन मिनिटांत आउटपुटचा फोटो आला.