चौथं मॉड्यूल बसवण्याआधी

मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधली तीन मॉड्यूल गेली, तिन्ही एकाच जागची. यू फेजच्या (मोटरच्या तीन फेजपैकी एक) वरच्या आयजीबीटीचं (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेट चालवणाऱ्या ड्रायव्हर आयसीला पुरवठा देणारं, ५ व्होल्टचे १५ करणारं, १ वॅटचं साधं मॉड्यूल: अनरेग्युलेटेड, म्हणजे आउटपुट स्थिर न राखणारं, आणि आयसोलेटेड, म्हणजे इनपुट-आउटपुट एकमेकांपासून अलग ठेवणारं. दोन-तीन आठवडे ड्राइव्ह व्यवस्थित चालायचा, मग ड्रायव्हर आयसी अंडरव्होल्टेजवर, म्हणजे पुरवठा कमी पडल्यामुळे, बंद पडायचा. मॉड्यूल काढून बघावं तर आउटपुट मेलेलं.

माझा पहिला संशय डीव्ही-बाय-डीटीवर, म्हणजे व्होल्टेज बदलण्याच्या वेगावर. वरच्या बाजूचा पुरवठा स्विचिंग नोडसोबत (वरच्या आणि खालच्या आयजीबीटीमधला बिंदू) वरखाली उड्या मारत असतो. मॉड्यूलच्या दोन अलग बाजूंमध्ये ६० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला आणि नोड मायक्रोसेकंदाला १० किलोव्होल्टने चढत असला, तर प्रत्येक एजला (व्होल्टेजच्या प्रत्येक उडीला) ०.६ अँपिअर त्या फटीतून पलीकडे जातो. मी इनपुटला कॉमन मोड चोक (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा गोंगाट अडवणारं कॉइल) घातला आणि गेटचा रेझिस्टर वाढवून एज संथ केली. डिफरन्शियल प्रोबवर वेव्हफॉर्म खूपच स्वच्छ दिसू लागला. (साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप त्या नोडला कधीही लावू नका, स्कोपच्या अर्थिंगमधून थेट शॉर्ट होतो.) आणि तिसरं मॉड्यूल त्यानंतरच गेलं.

मग कागद घेतला. गेट चार्ज २०० नॅनोकुलोंब, स्विंग १५ व्होल्ट, फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झ. गुणाकार करा: ०.०६ वॅट. ड्रायव्हर आयसीचं स्वतःचं खाणं धरूनही १ वॅटचं मॉड्यूल थंडच राहायला हवं.

डीसी बस बंद केली, कपॅसिटर पूर्ण उतरल्याचं मीटरवर बघितलं आणि फक्त ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवला. दहा मिनिटांनी मॉड्यूलवर बोट ठेवलं. टेकवत नव्हतं! स्विचिंग शून्य, तरी एवढं तापलंय. म्हणजे डीव्ही-बाय-डीटीचा संबंधच नव्हता. कुणीतरी शांतपणे करंट खात होतं.

बोर्ड उलटा केला. मॉड्यूलच्या आउटपुटवर, गेटच्या संरक्षणासाठी लावलेला १६ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज त्याच्या आकड्यावर गेलं की करंट ओढून ते दाबून धरणारा डायोड), त्याच्याखालची पीसीबी तपकिरी पडलेली. आउटपुटच्या वाटेत मीटर घातला: ८५ मिलिअँप. मॉड्यूलची क्षमता ६७.

कारण दोन ठिकाणी वाटलेलं होतं. ५ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) प्रत्यक्षात ५.४ होती, आणि अनरेग्युलेटेड मॉड्यूलचं आउटपुट इनपुटच्या प्रमाणात चढतं. शिवाय लोड कमी असला की ते आणखी वर जातं; झेनर सोडवून मोजलं तर १७.६ व्होल्ट. झेनर ते खाली ओढत बसला होता, दिवसरात्र, मोटर चालू असो वा नसो. यू फेजचा झेनर टॉलरन्सच्या (मान्य फरकाच्या) खालच्या टोकाचा निघाला: गरम असतानाही १५.८ व्होल्ट. बाकीच्या फेजवर १६.६ होते, म्हणून तिथली मॉड्यूल्स ५० मिलिअँपवर कोमट राहून तग धरून होती.

रेल ५.० वर आणली. प्रत्येक आउटपुटवर २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाकला, म्हणजे साधारण १० टक्के लोड कायम राहतो. झेनर १८ व्होल्टचे केले. आयजीबीटीच्या गेटची मर्यादा २० आहे, तेवढं अंतर मला पुरेसं वाटतं. आता निष्क्रिय अवस्थेत आउटपुट १६.३ व्होल्ट येतं आणि झेनर थंड असतो.

चोक मात्र काढला नाही. मॉड्यूल त्याने वाचलं नव्हतं, पण त्यानंतर करंट सेन्सच्या (मोटरचा करंट मोजणाऱ्या सर्किटच्या) रीडिंगमधला गोंगाट निम्म्यावर आला होता.